माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या वह्या, पत्रं, डायऱ्या: सुरुवात कुठून करायची

वडील गेले त्याच्या चौदाव्या दिवशी आमच्याकडे घर आवरायला काढलं. पाहुण्यांना परतीच्या गाड्या धरायच्या होत्या, आणि जाता जाता हातभार लावावा म्हणून कुणीतरी माळा रिकामा केला. तारेत ओवलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा रद्दीच्या पोत्यात गेला. मी त्याच खोलीत होतो. मला तेव्हा काही सुचत नव्हतं. आजोबांनी वडिलांना शिक्षणासाठी परगावी असताना पाठवलेली ती सगळी पत्रं होती, हे आत्याकडून चार महिन्यांनी कळलं.

आई गेली तेव्हा मी वेगळं वागलो. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. ज्यांच्या घरात नुकताच असा प्रसंग घडला आहे, त्यांनी सगळं एकदम वाचायची गरज नाही. आज पहिला भाग पुरे.

वर्षश्राद्धापर्यंत लिहिलेला कागद घराबाहेर जाणार नाही

हे एकच वाक्य पहिल्या तेरा दिवसांत घरातल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा, कारण रद्दी बहुतेक वेळा त्यांच्याच हातून जाते. घरातल्या एकाने ही जबाबदारी घ्यावी. तो थोरलाच असायला हवा असं नाही, ज्याच्या अंगी धीर आहे त्याने घ्यावी. काही घरांत अस्थींबरोबर वही किंवा डायरी नदीत सोडायचा विचार निघतो. कुणाची श्रद्धा मोडू नका, पण ‘वर्षश्राद्धानंतर सोडू’ म्हणा. तोवर मन जरा थाऱ्यावर आलेलं असतं.

आता लिहिलेला कागद म्हणजे काय? डायरी आणि पत्रं सगळ्यांनाच सुचतात. त्याशिवाय हिशेबाच्या वह्या, पाककृतींची वही, मंगळागौरीच्या गाण्यांची आणि उखाण्यांची वही, लग्नातल्या आहेराची यादी, टेलिफोन डायरी, पोथीच्या समासातल्या खुणा, पुस्तकाच्या पहिल्या पानावरची दोन ओळींची नोंद, दवाखान्याच्या फाइलीत मागच्या बाजूला लिहिलेली औषधांची वेळापत्रकं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मुलांची उंची लिहिलेली असते, तीही यातच धरा. घर विकायचं असेल तर तिचा फोटो आधी काढा.

आणि कालनिर्णय. १९७३पासून हे कॅलेंडर आपल्या स्वयंपाकघरांत भिंतीवर आहे, आणि कित्येक घरांतल्या बायकांची खरी दैनंदिनी तीच आहे. आमच्या आईने आयुष्यात डायरी लिहिली नाही. पण तिच्या पलंगाखाली अकरा वर्षांची कालनिर्णयं गुंडाळून ठेवलेली सापडली. प्रत्येक चौकोनात काहीतरी होतं: दूध दीड, गॅस लावला, बाई नाही, दळण, वीज बिल भरलं, पाणी आलं नाही, गुडघा. ‘गुडघा’ हा शब्द आधी महिन्यातून एकदा दिसतो, पुढे आठवड्यातून दोनदा. आम्हाला तिने गुडघ्याचं सांगितलं ते त्यानंतर दोन वर्षांनी.

हलवण्याआधी फोटो, मग मोजदाद

कागद जिथे सापडला ती जागाही काही सांगत असते. देवघराच्या खणातलं पत्र आणि माळ्यावरच्या ट्रंकेतलं पत्र यांचं महत्त्व लिहिणाऱ्याच्या लेखी सारखं नव्हतं. म्हणून कपाट उघडलं की आधी तसाच फोटो, मग खण उघडून फोटो, मगच हात. गठ्ठा सुटा करू नका. तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो तो आवरा. कुठलं पत्र कुठल्या पत्राबरोबर बांधलं होतं, हे एकदा विस्कटलं की परत सांगता येत नाही. रबरबँड मात्र काढा. ते वितळून कागदाला चिकटतात. त्याऐवजी सुती नाडीने सैल बांधा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतील तर अलगद सोडवा, ओढू नका.

मग एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि यादी करा. क्रमांक, काय आहे, कुठे सापडलं, अंदाजे कधीचं, किती पानं, कुणाच्या हातचं. एवढे रकाने पुरतात. ‘क्र. ७, निळी वही, हिशेब, शिवणयंत्राच्या खणात, आईचं अक्षर, शेवटची बारा पानं कोरी.’ या टप्प्यावर मजकूर वाचायचा नाही, फक्त मोजायचं. हे फार अवघड आहे हे मला माहीत आहे. पण वाचत बसलात की पहिल्या वहीतच अडकता आणि उरलेल्या तशाच राहतात.

दोन गोष्टी मात्र लगेच पाहाव्या लागतात. पहिली, मृत्युपत्र. ते साध्या कागदावर हाताने लिहिलेलंही चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे त्यावर सही आणि दोन साक्षीदार लागतात. (मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वेगळा कायदा लागू होतो.) डायरीत ‘माझ्या पाटल्या धाकटीला द्या’ एवढंच लिहिलं असेल तर तिथे कायद्याचा प्रश्न संपतो आणि घरातल्या माणसांच्या मोठेपणाचा सुरू होतो. दुसरी गोष्ट पैशाची: ठेवींच्या पावत्या, विमा, कुणाला दिलेले हातउसने. वहीत जुन्या बँक खात्याचा उल्लेख असेल आणि पासबुक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधा. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी शोधण्यासाठी ते २०२३मध्ये सुरू झालं.

मृत्यू अपघाती असेल, किंवा माणसाने स्वतःचा जीव घेतला असेल, तर चिठ्ठी, वही, फोन यांना पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत हात लावू नये. नंतर छायाप्रत मागून घ्या. अशा घरात पुढचं काही एकट्याने वाचू नका. कुणीतरी शेजारी बसलेलं असू द्या.

वाचायचं का?

आलेली पत्रं, हिशेब, गाणी वाचायला कुणाची हरकत नसते. प्रश्न येतो तो खासगी डायरीचा. मी यावर बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं आहे: वर ‘वाचू नये’, ‘जाळून टाकावे’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर वाचू नये. तसं काही लिहिलेलं नसेल, आणि वही सहज हाती येईल अशा जागी ठेवली असेल, तर वाचावं. कुलूपबंद पेटीतली असेल तर आधी भावंडांशी बोलावं. जोडीदार हयात असेल तर शेवटचा शब्द जोडीदाराचा.

वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. बहुतेक माणसं डायरी हातात घेतात ती बिनसलेल्या दिवशी. सगळं सुरळीत असलं की माणूस जेवतो आणि झोपतो. त्यामुळे डायरीतला संसार प्रत्यक्षाहून काळा दिसतो. तुमच्याबद्दल काही कडू वाचायला मिळालं तर तारीख बघा, त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं ते आठवा. माझ्या एका मामेबहिणीला सासऱ्यांच्या डायरीत स्वतःबद्दल दोन जिव्हारी लागणारी वाक्यं सापडली. तिने वही बंद करून ठेवली. वर्षभराने पुढची पानं वाचली, तर त्याच सासऱ्यांनी तिच्या हातच्या पिठल्याचं कौतुक पानभर केलेलं होतं. पहिली वाक्यं त्याने पुसली गेली नाहीत असं ती सांगते, पण आता तिला दोन्ही पानं माहीत आहेत.

एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त वाचू नका. रात्री तर नकोच.

अक्षर, तारखा आणि खुणा लावणं

इथे नवख्या माणसाची जास्त अडचण होते, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या पत्राच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’ आणि खाली मायन्यात संक्षेप असतात. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी, विधवा स्त्रीच्या नावाआधी लावलेलं. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. या मायन्यावरूनच पुष्कळ कळतं. एखाद्या बाईच्या नावामागचं ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ कधी आलं ते पाहिलं की घरातल्या मृत्यूचा काळ ठरवता येतो. मृत्यूची बातमी देणारं पत्र मात्र शोधत बसू नका. ते वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, घरात ठेवत नसत.

तारीख शके आणि तिथीत असेल तर शकात ७८ मिळवा. गुढीपाडव्याला शक बदलतो, इंग्रजी वर्ष तीन महिने आधीच बदललेलं असतं, म्हणून जानेवारी ते पाडव्याच्या दरम्यानच्या तिथीला ७९ मिळवायचे. शके १८७९ माघ म्हणजे १९५८ साल. पोस्टकार्डावर तारीखच नसेल तर टपालाचा शिक्का भिंगाखाली बघा.

मोडी लिपी दिसली तर घाबरू नका आणि ‘हे उर्दू दिसतंय’ म्हणून बाजूलाही टाकू नका. मी हे वाक्य दोन घरांत ऐकलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चालत असे, त्यामुळे पणजोबांची सावकारी कागदपत्रं, वाटणीपत्रं, खासगी पत्रं मोडीत असणं साहजिक आहे. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या परिसरात मोडी वाचणारी माणसं भेटतात. वाचणाऱ्याला मूळ कागद देऊ नका, स्वच्छ फोटो द्या. गोव्याकडच्या घरांत पोर्तुगीज कागदही याच पेटीत असतात, त्यांनाही हाच नियम.

देवनागरी असेल तरी लिहून काढताना सुधारणा करू नका. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरें’ असे अनुस्वार दिसतील. आजचे लेखननियम १९६२चे. त्याआधी शाळा झालेल्यांचा हात तसाच वळलेला असतो. चुकलेला शब्दही तसाच ठेवा. तुमचा अंदाज चौकटी कंसात लिहा.

आणि संक्षेप स्वतःच्या अकलेने सोडवू नका. हे मी आईच्या हिशेबाच्या वहीवरून शिकलो. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्यात ‘शि. २०’ अशी नोंद होती. पुढे ती ‘शि. ३०’ झाली, मग ‘शि. ५०’. सलग सात वर्षं. आईकडे शिवणयंत्र होतं, वही त्याच्याच खणात सापडली होती, तेव्हा शि. म्हणजे शिलाई, दोरा-बटणांचा खर्च, असं मी बिनदिक्कत टंकून मोकळा झालो. मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “शिलाई कसली रे? शिकवणी. समोरच्यांच्या मुलीची फी ताई भरायची.” हे माहीत असलेली मावशी एकटीच उरली होती, आणि तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती.

म्हणून मोजदाद झाली की कागद बाजूला ठेवून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे आधी जा. पानांचे फोटो मोठे करून छापून न्या, फोनच्या पडद्यावर त्यांना दिसत नाही. विचारा आणि बोलणं रेकॉर्ड करा, अर्थात सांगून. वह्या पाच वर्षं थांबू शकतात, माणसं थांबत नाहीत.

फोटो आणि नक्कल

चांगला फोन पुरतो. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशी जागा, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. आधी मुखपृष्ठ, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं, दोन पानांच्या मध्ये ठेवलेली बसची तिकिटं आणि सुकलेलं फूलसुद्धा. अंतर्देशीय पत्राच्या घडीच्या पट्टीवर आत-बाहेर मजकूर असतो, ती पट्टी सुटून गेली नसेल तर उलटून तिचाही काढा. पोस्टकार्डाची पत्त्याची बाजू विसरू नका. स्कॅनर मिळाला तर साध्या पानाला ३०० डीपीआय, बारीक अक्षराला किंवा जुन्या छायाचित्राला ६००.

फाइलीला नाव देताना यादीतला क्रमांक पुढे: ‘०७-निळी वही-पान ०१२’. तीन प्रती ठेवा: एक तुमच्या संगणकात, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या किंवा परदेशातल्या भावंडाकडे. लिहून काढायला वेळ नसेल तर पान मोठ्याने वाचा आणि फोनला मराठीत टंकू द्या, नंतर दुरुस्त करा. हाताच्या अक्षरावर यंत्र अजून फसतं, पण तुमचं वाचणं त्याला बऱ्यापैकी कळतं.

फोनमध्ये राहिलेलं

फोन बंद करून कपाटात ठेवू नका आणि सिम परत करायची घाई करू नका. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रिचार्ज चालू ठेवा. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस न वापरल्यास पुसलं जातं, म्हणून महत्त्वाची संभाषणं ‘एक्सपोर्ट’ करून स्वतःला पाठवा. त्यातले आवाजी निरोप सर्वांत आधी. गूगलचं खातं दोन वर्षं न वापरलेलं असेल तर ते बंद करायचं त्यांचं धोरण आहे, त्याच्या आत फोटो आणि नोंदी उतरवून घ्या. पासवर्ड नसेल तर उगाच अंदाज करत बसू नका, दहा चुकीच्या प्रयत्नांत फोन कायमचा बंद पडू शकतो. मृत्यूचा दाखला दाखवून कंपन्यांकडे अर्ज करता येतो. त्यात वेळ जातो, म्हणून लवकर करा.

तुम्ही स्वतः आज एक काम करून ठेवू शकता. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि आयफोनमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशी सोय आहे. तिथे घरातल्या एकाचं नाव घाला.

जतन

लॅमिनेशन करू नका. ते परत सुटत नाही आणि आतला कागद खराब होत राहतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षर खातो. फाटलेलं पान फाटलेलं राहू द्या, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेले कागद पावसाळ्यात घाम धरतात. जाड पुठ्ठ्याची पेटी बरी, जमिनीपासून हातभर वर आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेली. आपल्याकडे पोथ्या सुती बासनात बांधून शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवत. ती पद्धत अजूनही चांगली आहे, फक्त पुरचुंडी कागदाला टेकू देऊ नका. दसऱ्याच्या आवराआवरीत पेटी उघडा, कसर किंवा वाळवी लागली आहे का बघा, वारा लागू द्या, बंद करा.

कागद पाण्यात सापडले तर उन्हात पसरू नका. सांगली-कोल्हापूरच्या २०१९च्या आणि चिपळूणच्या २०२१च्या पुरानंतर कितीतरी घरांपुढे हाच प्रश्न होता. पानं सुटी होत असतील तर पंख्याखाली, मध्ये कोरा टिपकागद घालून वाळवा. चिकटलेली असतील तर ओढू नका. गठ्ठा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते आणि जाणकार मिळेपर्यंत वेळ मिळतो. शाईच्या पेनाने लिहिलेलं पान पुसायचं नाही, शाई पाण्याने पसरते.

कुणाला काय द्यायचं

मूळ वह्या वाटून घेण्यापेक्षा एका घरी ठेवाव्यात आणि सगळ्यांना प्रती द्याव्यात, असं माझं मत आहे. वाटणी झाली की पुढच्या पिढीत एक वही नाशकात आणि तिचा दुसरा भाग न्यू जर्सीत, आणि दोघांनाही काही अर्थ लागत नाही.

पुस्तक काढायचं मनात असेल तर हे लक्षात ठेवा: आलेल्या पत्राचा कागद आपला, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हयातीत न छापलेलं लेखन मृत्यूनंतर प्रथम छापलं, तर छापल्यापासून ६०. म्हणजे आईला मैत्रिणीने लिहिलेलं पत्र छापायला त्या मैत्रिणीची परवानगी हवी. ती हयात असेल तर पत्राची प्रत तिला नेऊन द्या, छापायचं असो वा नसो.

गावाचा, चळवळीचा, एखाद्या व्यवसायाचा इतिहास ज्यात आहे असे कागद संस्थेला देण्याचा जरूर विचार करा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडवत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनी १८९८मध्ये काढला, असे बावीस खंड झाले. ते स्वतः १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले, तेव्हा त्यांच्या संग्रहासाठी तिथल्या मंडळींनी १९२७मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. संस्थेला देताना यादी जोडा, पोच घ्या, आणि काही पानं अमुक वर्षांपर्यंत कुणाला दाखवू नयेत असं असेल तर ते लेखी द्या.

जपाच्या वह्या ज्या मठातून आणल्या तिथे परत घेतात का विचारा. काही विसर्जित करायचंच असेल तर पुठ्ठा, प्लास्टिक, पिना काढून कागद घरीच बादलीत भिजवा आणि झाडाच्या मुळाशी मातीत घाला. नदीत नको.

राहता राहिली अशी पानं, ज्यांचं काय करावं हे कळत नाही. आईने सात वर्षं जिची फी भरली ती मुलगी आता शिक्षिका आहे, अधूनमधून भेटते. तिच्या घरच्यांना वाटत होतं की शिकवणीच्या बाईंनीच फी माफ केली होती. आईनेच त्या बाईंना तसं सांगायला लावलं होतं. मला ती पानं तिला दाखवावीशी वाटतात, आणि मावशी म्हणाली होती, “ताईने लपवलं ते तू उघडू नकोस.” दोघांचंही मला पटतं. अशा वेळी मी केलं ते करा: त्या पानांच्या प्रती वेगळ्या पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख, आत काय आहे आणि का बंद केलं हे दोन ओळींत लिहिलं, यादीत नोंद केली, आणि पाकीट कुठे आहे ते मुलीला सांगून ठेवलं.